करपलेल्या पावावर आळ

४ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

काल तू फोन आपटलास. आजकालचे फोन आपटता येत नाहीत म्हणा, पण मला आवाज ऐकू आला. म्हणून हे पत्र. पत्र तू मध्येच ठेवून देणार नाहीस, याची मला खात्री आहे. लहानपणी तू साखरेच्या पुडीचा कागदसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय टाकायची नाहीस. आणि हो, तू माझ्यापेक्षा चार बोटं उंच झालीस त्यालाही आता जमाना झाला. तरी मी तुला बुटकेच म्हणणार.

बाबा बरे आहेत. दवाखान्यात आहेत, पण बरे आहेत. खिडकीजवळची खाट मिळाली आहे, आणि शेजारच्या खाटेवर पडलेल्या शिंप्याला ते पाव कसा कापायचा ते शिकवत आहेत. सुरी करवतीसारखी चालवायची, दाबायची नाही. शिंपी बिचारा भुलीतून नुकताच उठला आहे. तो होय होय करतो.

तू म्हणालीस, "बघितलंस ना ताई? नुसतं येते म्हटलं, तर हे झालं. मी तिकीट परत केलंय." मी तोंड उघडायच्या आत तू फोन ठेवलास.

मला समजत नाही असं समजू नकोस. पहिल्या खेपेला बाबा असे आजारी पडले तेव्हा मी तिथंच होते. तू वीस वर्षांची. नकाशे काढायच्या संस्थेत तुझं नाव लागलं होतं, आणि बाबांनी मनाशी धरलं होतं की बेकरी तूच चालवणार; कारण तुझा हात पिठाला लागायचा आणि माझा फक्त पुस्तकाला. मळायच्या टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून तुम्ही जे भांडलात ते ऐकायला रस्त्यावरची माणसं थांबली होती. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बाबा भट्टीसमोर रक्त ओकले. आत्या दवाखान्याच्या पायरीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होती, "पोरीनं बापाच्या पोटाला भोक पाडलं." पोट फाडून शिवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनीही काही वेगळं सांगितलं नाही. काळजी, संताप आणि तिखट, यानंच अल्सर होतो, असंच सगळे म्हणतात.

तू गेलीस, आणि आपलं घर मुकं झालं. बाबांसमोर मोठ्यानं बोलायचं नाही. वाईट बातमी सांगायची नाही. मिरची घरात आणायची नाही. तुझा विषय काढायचा नाही. मी जन्मभर वाचनालयात नोकरी केली, पण तिथंसुद्धा इतकी शांतता कधी नव्हती. आई गेली तेव्हा तू आलीस. बाबांच्या खोलीच्या दारापर्यंत आलीस आणि "उगाच नको" म्हणून मागे फिरलीस.

गेल्या आठवड्यात मी धीर करून त्यांना म्हटलं, "बाबा, धाकटी यायचं म्हणतेय." ते उठले, न्हाव्याकडे जाऊन दाढी करून आले, आणि जेवणाच्या टेबलाची डुगडुगणारी खुर्ची उलटी करून तिच्या पायाला खिळा मारत बसले. त्यानंतर दोनच दिवसांनी त्यांना उलटी झाली, कॉफीच्या गाळासारखी.

आता तुझं म्हणणं खोटं आहे असं कुठल्या तोंडानं सांगू? पण ते खरं आहे असंही माझ्या तोंडून निघत नाही. तिकीट परत केलंस तर केलंस. दुसरं मिळतं.

तुझी,
ताई

ता. क. बाबांना रक्त द्यावं लागलं, हे मी फोनवर गाळलं होतं.


७ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

आज दुर्बीण घातली. घशात काहीतरी फवारलं, कुशीवर झोपवलं आणि काळी नळी तोंडातून आत. मला बाहेर बसवलं होतं, पण आवाज येत होता. डॉक्टरीणबाई अगदी तरुण आहेत, आणि नळी घालताना त्या बाबांशी अखंड गप्पा मारत होत्या. बाबांना उत्तर देता येत नव्हतं, याचाच त्यांना जास्त त्रास झाला. खाटेवर परत आणल्यावर पहिलं वाक्य काय, तर "ही दुर्बीणबाई हुशार आहे." तेव्हापासून वॉर्डात त्यांचं नाव दुर्बीणबाई.

जखम सापडली. जठराच्या खालच्या भागात, नखाएवढी. तिथंच चिमटा लावून रक्त थांबवलं. कॅन्सरसारखं काही दिसत नाही, म्हणाल्या. तरी चिमूटभर तुकडा तपासायला पाठवला आहे. मी हे ऐकलं आणि जिन्यात जाऊन थोडा वेळ बसले. मग तोंड धुऊन आले.

तुला शाळेतल्या विज्ञानाच्या सिस्टर आठवतात? पायघोळ पांढऱ्या झग्याला कायम खडूचे हात लागलेले. पचनाचा धडा आला की त्या आपल्याच बेकरीतून एक पाव मागवायच्या आणि प्रत्येकीला एकेक तुकडा देऊन म्हणायच्या, "चावा. गिळू नका. चावत राहा." आणि थोड्या वेळानं तो साधा पाव तोंडात गोड लागायला लागायचा. पचन तोंडातच सुरू होतं, हे मी असं शिकले. तू मात्र हात वर करून विचारलं होतंस, "सिस्टर, पोटातलं आम्ल मांस विरघळवतं. मग पोटही मांसाचंच ना? ते स्वतःला का पचवत नाही?" सिस्टरांनी प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून जाड पुस्तक घेऊन तुझ्या वर्गात आल्या आणि उत्तर वाचून दाखवलं. ही गोष्ट तू घरी इतक्यांदा सांगितलीस की मला अजून पाठ आहे.

तेच उत्तर आज दुर्बीणबाईंनी दिलं. जठर म्हणजे मजबूत स्नायूंची पिशवी. आलेला घास ती घुसळते, आम्ल आणि पाचक रस त्याची पेज करतात, आणि मग ती पेज थोडीथोडी करून खाली आतड्यात जाते. खरं शोषण तिथं. पिशवीला आतून चिकट बुळबुळीत थर असतो, तो आम्लाला भिंतीपर्यंत पोचू देत नाही. तो थर कुठं झिजला, की आम्ल भिंतच खायला लागतं. तोच अल्सर.

बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे साच्याला आतून तेल लावतो तसं. तेल पुसलं गेलं की पाव साच्याला धरतो."

"अगदी तसंच!" दुर्बीणबाई म्हणाल्या. "आता सांगा, तुमचं तेल कुणी पुसलं?"

मी म्हटलं, "डॉक्टर, संतापानं होतं ना हे? मनाला लागलं, धक्का बसला..."

त्यांनी मान हलवली. "संतापानं पोट दुखेल, जळजळेल, असलेली जखम जास्त टोचेल. पण घरातल्या भांडणानं चांगल्या पोटाला अल्सर होत नाही, मावशी. तिखटानंही होत नाही. बहुतेक वेळा दोनच चोर असतात. एक जंतू, किंवा दुखणं थांबवायच्या गोळ्या." मग बाबांकडे वळून, "आजोबा, गोळ्या कुठल्या घेता?"

"एकही नाही."

"डोकेदुखीची? गुडघ्याची?"

"औषधाला मी शिवत नाही."

मी पण साक्ष दिली. आपल्या घरात औषधाचं कपाट नाही, हे तुला माहीत आहेच.

त्यांनी पुन्हा विचारलं, बाबांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा चढ्या आवाजात. तेव्हा त्या म्हणाल्या, मग जंतू असणार, दोन-चार दिवसांत कळेल.

बुटके, मी फार आशा धरत नाहीये. पण "घरातल्या भांडणानं होत नाही" हे त्यांचं वाक्य मी तुला जसंच्या तसं लिहून पाठवते आहे. शब्द माझे नाहीत.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

तुझा निरोप मिळाला. "आज जंतू सापडेल ग. पण त्या दिवशी रक्त भांडणानंतरच आलं होतं. ते कुठं पुसशील?" तुझा स्वभावच असा. पुलाचे नकाशे काढून काढून प्रत्येक खांब ठोकून बघायची सवय लागली आहे तुला.

तर ऐक. आज काय झालं ते ऐकून तू हसशील, आणि हसली नाहीस तर मी तुला ओळखत नाही.

संध्याकाळी भट्टीकाका भेटायला आले. बेकरी आता तेच चालवतात. बाबा नुसते पहाटे जाऊन बसतात, पिठाला बोट लावून बघतात आणि नावं ठेवतात. काका इस्त्रीचा सदरा घालून आले होते. दुर्बीणबाई बाबांची नाडी बघत होत्या. काकांनी पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला आणि बाबांच्या उशीशी ठेवला.

"म्हटलं, इतके दिवस झाले, तुमची सकाळची चुकत असेल."

बाबांचा चेहरा खुलला. "शाबास! आठवण ठेवलीस."

दुर्बीणबाईंनी झाकण उघडलं. आत गोळ्या. पांढऱ्या, सुट्या, डबाभर.

"हे काय आहे?"

"हे होय?" बाबा म्हणाले. "हे भट्टीचं."

"भट्टीचं म्हणजे?"

काकांनी समजावून सांगितलं. "मिठाच्या बरणीशेजारी असतो हा. परात उचलून उचलून खांदे भरतात. सकाळी आल्याबरोबर सगळे एकेक टाकतात. मालक दोन टाकतात, ते मालक आहेत."

"आणि मग नाश्ता?"

"छे! पहिली भट्टी निघाल्याशिवाय कुणी तोंडात काही घालायचं नाही. आधी गिऱ्हाईक, मग आपण. हा मालकांच्या वडिलांपासूनचा नियम आहे."

दुर्बीणबाई खुर्चीवर बसल्याच. "आजोबा, मी तुम्हाला इतक्यांदा विचारलं, गोळ्या घेता का?"

"औषधाच्या गोळ्या विचारल्यात तुम्ही," बाबा म्हणाले. त्यांना खरंच काही कळत नव्हतं. "औषध डॉक्टर देतो. हे तर सामान आहे. मैदा, यीस्ट, मीठ, आणि हे."

शेजारचा शिंपी पोटाच्या टाक्यांवर हात दाबून हसत होता. काका पांढरेफटक पडले. "म्हणजे मी विष आणलं होय?" दुर्बीणबाई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही आणलंत म्हणून तर कळलं. आता मला सांगा, तुम्ही किती टाकता?" आणि काकांना लगोलग तपासायला घेऊन गेल्या. बेकरीतल्या सगळ्यांना उद्या बोलावलं आहे, न्याहारी करून.

अंगदुखीच्या या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या काय किंवा जेवून घेतल्या काय, रोज रोज घेतल्या की तो आतला थर पातळ होतो, असं त्यांनी सांगितलं. बाबा छताकडे बघत म्हणाले, "जन्मभर साच्यांना तेल लावलं, आणि स्वतःचं पुसत बसलो."

तुझा खांब मात्र अजून उभाच आहे, ठाऊक आहे मला. त्या सकाळचं रक्त.

तुझी,
ताई


१२ फेब्रुवारी

बुटके,

उभ्याउभ्या लिहिते आहे, दवाखान्याच्या बिलाच्या खिडकीसमोर रांगेत. आज बाबांना घरी सोडतात. अक्षर वाईट येईल, पण तू वाच. नीट वाच.

सकाळी दुर्बीणबाई सूचना देत होत्या. तपासणीचा निकाल आला आहे. कॅन्सर नाही. जंतू आहे, म्हणजे दोन्ही चोर मिळून घरात शिरले होते. हा जंतू आम्लातही मजेत राहतो म्हणे. बाबांनी विचारलं, "जिवंत? माझ्या पोटात? यीस्टसारखा?" दोन आठवडे गोळ्या घेतल्या की तो जाईल. (या औषधाच्या गोळ्या आहेत, हे त्यांनी बाबांकडून म्हणवून घेतलं.)

मग त्या म्हणाल्या, "आणि लक्ष ठेवा. शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर थांबू नका, लगेच या."

बाबा म्हणाले, "ते होय? ते तर करपलेल्या पावानं होतं."

दुर्बीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "तुम्हाला झालं होतं?"

"झालं होतं की, पाच-सहा दिवस. करपलेले पाव गिऱ्हाइकाला द्यायचे नाहीत आणि अन्न टाकायचंही नाही, म्हणून ते मालकानं खायचे. मला वाटलं, या वेळी जरा जास्त झाले."

"कधीपासून?"

"ही मला म्हणाली ना, धाकटी येतेय, त्याच्या आधीपासून."

मी काही बोलणार, तर तेच पुढं म्हणाले, "मागच्या खेपेलाही तसंच झालं होतं. मळायचं यंत्र मोडलं होतं तेव्हा. आठवडाभर हातानं मळलं, डबा निम्मा संपवला. तेव्हाही असंच डांबर."

बुटके, यंत्र मोडलं होतं तेव्हा! तुला आठवतं ना? मला लख्ख आठवतं. तू त्या सबंध आठवड्यात गप्प राहिलीस. नाव लागल्याचं पत्र तुझ्या दप्तरात होतं आणि तू मला म्हणालीस, "बाबा हातानं मळतायत ग, आत्ता कसं सांगू?" यंत्र दुरुस्त होऊन आलं, त्याच संध्याकाळी तू टेबलाशी गेलीस आणि म्हणालीस, "आता यंत्र आलंय. आता मला जाऊ द्या."

मी दुर्बीणबाईंना विचारलं, "काळं म्हणजे काय?"

"रक्त," त्या म्हणाल्या. "पोटात झिरपत असतं ते. पोट अन्न पचवतं तसं तेही पचवतं, म्हणून ते काळं होऊन खाली येतं. करपलेल्या पावानं डांबर होत नाही, आजोबा. तुमच्या पोटातून आठवडाभर रक्त जात होतं."

"भांडणाच्या आधीपासून?" मी विचारलं.

"कुठलं भांडण?" त्यांनी विचारलं. बाबांनीही विचारलं, "कुठलं भांडण?"

मग मी सांगितलं. सगळं. आत्या काय म्हणाली, तू का गेलीस, का येत नाहीस, दाराशी येऊन का परत फिरलीस. दवाखान्याच्या वॉर्डात, शिंप्यासमोर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाबांसमोर मोठ्या आवाजात.

बाबा पांघरुणाची कड चाचपत राहिले. "तिला असं वाटलं? मला वाटलं, ती माझ्यावर रागावलीय. जाऊ देत नव्हतो म्हणून." मग म्हणाले, "आणि मला कुणी काही सांगितलं कसं नाही?"

"तुमच्यासमोर वाईट काही बोलायचं नाही असं ठरलं होतं."

"कुणी ठरवलं?"

खरंच, कुणी ठरवलं ग?

माझा नंबर आला. तू काही केलं नव्हतंस. तू यंत्र दुरुस्त होईपर्यंत थांबली होतीस. एवढंच केलं होतंस तू.

ताई


२३ मार्च

प्रिय बुटके,

तुझी गाडी सुटल्यावर मी घरी चालतच आले. तू सुखरूप पोचलीस हे कळलं. तुझा रुमाल आणि मोजपट्टी इथं राहिली आहे.

तू इथं असताना एक गोष्ट मी तुला सांगितली नाही. त्या दिवशी सकाळी तू बेकरीत पट्टी घेऊन मोजमापं घ्यायला लागलीस, तेव्हाच मी दुकानाच्या दारात येऊन उभी राहिले होते. आणि मग तू म्हणालीस, "बाबा, भट्टीचं तोंडच चुकीच्या बाजूला आहे. सगळा धूर दुकानात येतो."

"भट्टीचं तोंड माझ्या बापानं ठरवलंय."

"मग आजोबांचं चुकलं!"

"पूल बांधतेस ना? पूल बांध! भट्टी मला शिकवू नकोस!"

"पूल पडत नाहीत माझे! तुमच्या दुकानात गिऱ्हाईक खोकतंय!"

तुझा आवाज चढला. बाबांचा त्याहून चढला. तेच टेबल, त्याच दोन बाजू. रस्त्यावर माणसं थांबली. मी दुकानाच्या दारात उभी, एका हातात फोन, दुसऱ्या हातात चष्मा, दुर्बीणबाईंचा नंबर शोधते आहे आणि चष्म्याशिवाय दिसत नाही. भट्टीकाकांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला. म्हणाले, "राहू दे ताई. भांडू दे त्यांना. किती वर्षांचं साचलंय."

त्या दिवशी जेवताना बाबांनी मिरची मागितली. जखम भरली आहे, बाईंनी थोडी चालेल म्हटलं आहे, म्हणून मी दिली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ली आणि तुझ्याकडे बघितलंदेखील नाही. तूही त्यांच्याकडे बघितलं नाहीस. मला त्या रात्री झोप म्हणून लागली नाही. उजाडायच्या आत मी संडासाच्या दाराबाहेर कान लावून उभी होते, या वयात. आतून बाबांची हाक आली, "पिवळं आहे ग! सगळं ठीक आहे! सांग तुझ्या बहिणीला!" अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं असेल. तू पांघरुणात तोंड खुपसून हसत होतीस, मी पाहिलं. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन, चहाचं पाणी उकळून उकळून संपेपर्यंत रडले. बरं वाटलं म्हणून रडले, दुसरं काही नाही.

बेकरीत नवा नियम झाला आहे. आधी न्याहारी, मग भट्टी. पहिल्या दिवशी सगळे चोरी केल्यासारखे खाली बघून खात होते. काकांच्या पोटातही लहानशी जखम निघाली, वेळेवर सापडली. त्यांच्या खांद्याला आता शेकायची पिशवी आहे, आणि बाबा त्यांना जड परात उचलू देत नाहीत.

घर पुन्हा तसं शांत झालेलं नाही. बाबा दिवसभर बडबडतात. काल जेवता जेवता एकदम थांबले, घास हातात तसाच, आणि म्हणाले, "धुराड्याचं तोंड तिनं बघितलंच नाही. वारा त्या बाजूनं येतो. भट्टी फिरवली तर धूर थेट वरच्या बिऱ्हाडात जाईल. हे तिला त्या वेळी सांगायला हवं होतं."

मी म्हटलं, "पत्र लिहिणारच आहे, त्यात लिहिते."

"पत्रात कशाला?" ते म्हणाले. "पत्रात ती उलट बोलणार कशी? तिला बोलाव. तोंडावर सांगतो."

तेव्हा ये. तुझं साफ चुकलं आहे असं त्यांचं म्हणणं आहे, आणि रोज त्यात एकेक मुद्दा वाढतो आहे.

तुझी,
ताई